तठे काय पोचनं?

मुरलीधरआप्पा सोनवण्यांना काहीही सांगितलं की ते तेच वाक्य तुम्हाला परत म्हणून दाखवायचे. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी तुम्हाला काही सांगितलं, तर ते तुम्ही परत म्हणून दाखवेपर्यंत तुमची सुटका नसायची.

भाजीबाजारात ते वांगीवालीसमोर उभे राहायचे. "भरताची वांगी. हिरवी. अर्धा किलो. परत म्हणा."

"काय परत म्हनू?"

"मी काय मागितलं ते."

"वांगाच मांग्यात ना आप्पा! मन्हाकडे आखो शे काय?"

तिच्या पाटीत खरोखरच वांग्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. तरी आप्पा जागचे हलले नाहीत. शेवटी तिने वैतागून "हिरवी वांगी, अर्धा किलो" म्हटलं, तेव्हा त्यांनी पिशवी पुढे केली.

न्हाव्याकडे तीच तऱ्हा. "मागून बारीक, पुढून मध्यम. परत म्हण." न्हाव्याने एकदा मुद्दाम उलट म्हटलं, तर आप्पा अर्ध्या हजामतीतून फडक्यासकट उठून उभे राहिले. देवळातही ते एकदा नवस बोलले आणि हात जोडून तिथेच थांबून राहिले. मागे रांग लागली. गुरव म्हणाला, "आप्पा, झालं की."

"झालं कसं? तो कुठे परत म्हणाला?"

हा किस्सा धुळ्यात आमच्या ऑफिसात प्रत्येक नव्या माणसाला सांगितला जायचा. मलाही पहिल्याच दिवशी सांगितला गेला. मी खूप हसले. मग आप्पा समोर आले आणि माझं हसू गेलं, कारण त्या माणसाच्या चेहऱ्यावर गंमत अशी नव्हतीच. भीती होती. आपण इकडून जे सोडलं ते तिकडे भलतंच होऊन पोचलं असेल, ही भीती. किडकिडीत अंग, स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट, आणि कपाळावर सदा एक आठी, जणू आत्ताच कुठूनतरी वाईट बातमी येणार आहे.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"सुनंदा वसंत पाटील."

"सुनंदा वसंत पाटील," ते म्हणाले. "बरोबर पोचलं ना माझ्याकडे?"

"पोचलं की."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि खरंच सुटकेचा श्वास टाकला.

आमचं ऑफिस नद्यांच्या पाण्याचे आकडे गोळा करायचं. वरच्या गावांमध्ये नदीकाठी पट्ट्या रोवलेल्या असत. तिथला माणूस पट्टी वाचून आम्हाला पाणी किती मीटर आहे ते कळवायचा. आमची एक नदी धुळ्याकडून वाहत पुढे जळगाव जिल्ह्यात उतरते. म्हणून तिचे आकडे रोज जळगावच्या ऑफिसला सांगावे लागत. पाणी चढलं तर काठच्या गावांना सावध करायचं काम जळगावचं. हद्द त्यांची.

हे आकडे सांगायचं काम कित्येक वर्षं आप्पांकडे होतं. सकाळी दहाच्या सुमारास ते जळगावला फोन लावायचे. पलीकडे शकुंतलाबाई बऱ्हाटे असायच्या. आप्पा एक आकडा म्हणायचे, बाई तो परत म्हणायच्या, मग पुढचा. सगळे आकडे झाले की आप्पा "बरं बाई" म्हणायचे, बाई "बरं आप्पा" म्हणायच्या, आणि फोन खाली. ना पाऊसपाणी, ना तब्येत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण त्या फोननंतर तासभर तरी आप्पांच्या कपाळाची आठी नसायची. ऑफिसातले लोक रजेचे अर्ज त्याच तासात पुढे करायचे.

मग आमच्याकडे कॉम्प्युटर आला, म्हणजे खरं तर त्याच्यासाठीच मला नेमलं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. धुळ्याला मिळालेलं मशीन जुनं आणि अवजड होतं, कुठल्यातरी मोठ्या ऑफिसने वापरून टाकलेलं. जळगावला मात्र नवाकोरा पीसी मिळाला. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. त्यांना फोनच्या तारेने जोडायचं ठरलं आणि पहिल्याच दिवशी आप्पांच्या भीतीला पुरावा मिळाला.

आम्ही इकडून नद्यांची नावं आणि आकडे पाठवले. तिकडून जळगावने जे आलं ते छापून एस्टीने पाठवलं. कागदावर नुसते चौकोन, चांदण्या आणि उलटेसुलटे कंस होते.

आप्पा कागद हातात धरून खाली बसले. "हे काय आहे?"

मी त्यांना समजावलं. मशीनला अक्षर कळत नाही, प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो. आपल्या मशीनने एका अक्षराला जो नंबर दिलाय, तोच नंबर त्यांच्या मशीनने भलत्याच अक्षराला दिलाय. म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम बसवायचा. तो इकडचं तिकडच्या भाषेत करून देतो.

"म्हणजे दुभाष्या."

"तसंच समजा."

"आणि दुभाष्या चुकला तर कोण सांगणार?"

"तो चुकत नाही, आप्पा. एकदा नीट बसवला की रोज तेच करतो."

"हां," आप्पा म्हणाले. "म्हणजे चुकीचा बसवला तर रोज चुकणार."

पुण्याहून एक इंजिनिअर आला, त्याने तो प्रोग्रॅम बसवला, आणि चौकोन-चांदण्या गेल्या. आकडे आकड्यांसारखे पोचू लागले. आमचे साहेब खूश झाले. त्यांनी हुकूम काढला की जळगावचा रोजचा फोन आता बंद. "मशीन असताना तोंडाने कशाला?"

आप्पांनी तो हुकूम दोनदा वाचला. मग साहेबांसमोर मोठ्याने परत म्हणून दाखवला. साहेब म्हणाले, "बरोबर." आप्पा बाहेर आले आणि बराच वेळ फोनकडे बघत राहिले.

त्या दिवसापासून त्यांचं रूप पालटलं. मशीनला फोनशी जोडणारा मोडेम नंबर फिरवून जोडणी करताना एक किंकाळी फोडायचा. ती ऐकली की आप्पा दचकून भिंतीला टेकायचे. "हे बोलणं आहे का? कोणीतरी मार खातंय." फाईल गेली की पडद्यावर मी दाखवायची, "हे बघा, गेली." ते म्हणायचे, "गेली ते दिसलं. तठे काय पोचनं?" एरवी ऑफिसात ते आमच्यासारखंच शहरी बोलायचे. पण भीती वाटली की 'तिथे काय पोचलं?' हेही त्यांच्या तोंडून घरच्या अहिराणीत निघायचं. आणि भीती आता रोजच वाटत होती.

एकदा त्यांनी जळगावच्या एस्टीच्या कंडक्टरला गाठलं. "तिथल्या ऑफिसात एवढं विचारून या. आकडे नीट येतात का?" दुसऱ्या दिवशी कंडक्टर खिडकीतून ओरडला, "हो म्हणे!"

आप्पा गाडीमागे धावले. "'हो' असं ते म्हणाले, की तुम्ही म्हणताय 'हो म्हणे'?"

गाडी निघून गेली. आप्पा धुरात उभे.

हसण्यासारखं होतं आणि आम्ही हसायचो. पण मी त्यांच्या शेजारी बसायची आणि त्यांची भीती हळूहळू माझ्यात झिरपायला लागली होती. घरी मी आईला म्हणायची, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर," आणि माझ्याही नकळत थांबून राहायची. आई विचारायची, "काय झालं?" फाईल पाठवली की मी आकडे पुन्हा एकदा ताडून बघायची. कारण आप्पा म्हणत होते त्यात एक गोष्ट खरी होती. माणूस चुकीचं ऐकतो तेव्हा "काय?" म्हणून विचारतो तरी. मशीन विचारत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात पुण्याचा इंजिनिअर पुन्हा येऊन गेला, पण फक्त जळगावला. त्याने तिथला प्रोग्रॅम सुधारला असं आमच्या कानावर आलं. काय सुधारलं ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पाऊसही लांबला आणि पुढचे तीन-चार महिने नदीत नाव घेण्याजोगं पाणीच नव्हतं. अर्धा मीटर, पाव मीटर. आम्ही रोज पाठवत होतो, ते रोज छापून घेत होते, आणि सगळं सुरळीत चाललंय असं सगळेच धरून चालले होते.

मग भाद्रपदात एका दुपारी वरच्या गावाहून पट्टीवाल्याचा फोन आला. आमच्याकडे कडक ऊन पडलेलं होतं, पण वर डोंगरात सकाळपासून कोसळत होतं. तो म्हणाला, पाणी आठ मीटरवर गेलंय. काही मिनिटांतच पुन्हा फोन आला, अकरा. तिसऱ्या फोनमध्ये त्याचा आवाज ओळखू येईना. "चौदा पॉइंट पंचवीस. आता मी पट्टीजवळ जात नाही, साहेब. पट्टीच दिसत नाही."

नऊच्या वर गेलं की खालच्या गावांना धोका. साहेब मुंबईला मीटिंगला गेले होते. मी आकडे टाकले आणि फाईल पाठवली. मोडेम किंचाळला. पडद्यावर 'गेली' आलं.

"तठे काय पोचनं?" आप्पा म्हणाले.

या वेळी मी त्यांना समजावलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, फोन लावा."

हुकूम मोडून त्यांनी जळगावचा नंबर फिरवला. तो पंधरा-वीस मिनिटांनी लागला. फोन शकुंतलाबाईंनी उचलला. मी इतकी जवळ उभी होते की मला पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. लाइन स्वच्छ होती, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी.

"बाई, मी आप्पा. धुळ्याहून. आताचा आकडा बघा. एक, चार, पॉइंट, दोन, पाच. परत म्हणा."

"हो आप्पा, कागद हातातच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "एक, चार, दोन, पाच. बरोबर."

आप्पांच्या चेहऱ्यावरची आठी क्षणभर सैल झाली. मग पुन्हा आवळली. "पॉइंट कुठे आहे, बाई? पॉइंट?"

"हो, पोचलं ना."

"पोचलं नाही. पॉइंट! पॉइंट कशाच्या पुढे आहे?"

"पोचलं, पोचलं. एक पॉइंट चार दोन पाच. इथल्या साहेबांनाही दाखवलं. पाणी कमीच आहे म्हणाले."

एक पॉइंट चार. दीड मीटरसुद्धा नाही. एका क्षणात मला सगळं कळलं. आमच्या जुन्या मशीनमध्ये जागा वाचवायला दशांशाचा पॉइंट लिहीतच नसत. नुसते आकडे पाठवायचे आणि शेवटच्या दोन आकड्यांआधी पॉइंट आहे असं दोन्ही बाजूंनी समजून घ्यायचं. पुण्याच्या इंजिनिअरने उन्हाळ्यात जळगावला ते दोनचे तीन केले असणार. इकडून चौदा मीटर निघाले, तिकडे दीडसुद्धा पोचले नाहीत. आकडे तेच, क्रम तोच, एकही अक्षर चुकलेलं नाही. आणि नदी कोरडी असेपर्यंत पाव मीटरची दोन बोटं झाली तरी कोणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

"बाई, साहेबांना फोन द्या," आप्पा म्हणाले. आवाज फुटला होता. "साहेबांना! चौदा मीटर! पूर आहे, बाई, पूर!"

"हो आप्पा. बरं आप्पा," बाई म्हणाल्या, रोज म्हणायच्या तशाच, आणि फोन ठेवला.

आप्पा रिसीव्हरकडे बघत राहिले. मला वाटलं ते आता बाईंवर चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी फार मोठं उघडं पडल्यासारखा तो चेहरा होता. त्यांनी पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज.

"खालकोठे," ते एकदम म्हणाले.

खालकोठे हे नदीच्या वळणावरचं पहिलं गाव. अर्धं गाव काठाशी, सखल जागेत. गावात एकच फोन, कांतीशेठच्या किराणा दुकानात. आप्पांनी एक्स्चेंजला अर्जंट कॉल सांगितला, गावाचं नाव तीनदा उच्चारलं आणि ऑपरेटरकडून तीनदा म्हणवून घेतलं. गाव आमच्या हद्दीतलं नव्हतं. आमच्या सांगण्यावरून गाव उठवलं आणि पाणी आलंच नाही, तर आप्पांची नोकरी गेली असती, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. त्यांचा डावा हात टेबलाची कड घट्ट धरून होता.

कॉल लागला. शेठजींचा आवाज लांबून आला, "कोण बोलस?"

"शेठ, मी धुळाथून बोली राह्यनू. नदीले मोठा पूर ई राह्यना. काठवरना बठ्ठासले शाळामा लई जा. आत्तेच."

"पूर? आठे तर ऊन पडेल शे, भाऊ. नदी घोटाभर बी नही."

"वरथून ई राह्यना. शेठ, मी काय सांगं ते परत सांग."

मग शेठजी सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवावा तसे म्हणाले, "नदीले मोठा पूर ई राह्यना. काठवरना बठ्ठासले शाळामा लई जावानं. आत्तेच."

"हां," आप्पा म्हणाले. "हां, शेठ." काठच्या सगळ्यांना शाळेत न्यायचं, आत्ताच: एवढं पोचलं होतं.

"पन तू शे कोन?"

आप्पांनी नाव सांगायला तोंड उघडलं आणि लाइन तुटली. पुन्हा जोडायला सांगितलं तर ऑपरेटर म्हणाली, खालकोठ्याकडची लाइन मेली आहे. जळगाव लागेना. तारा कुठेतरी पडल्या असाव्यात.

मग आम्ही बसून राहिलो. आमच्या खिडकीबाहेर तेच कडक ऊन होतं. खाली रिक्षावाले भांडत होते, रसवंतीची घुंगरं वाजत होती. आणि आम्हाला माहीत होतं की मैलोन् मैल पलीकडे चौदा मीटर पाणी चाललं आहे. शेठ बोलला खरा, पण त्याने केलं का? अनोळखी माणसाच्या एका फोनवरून, भर उन्हात, कोण घर सोडतं? घोटाभर नदीकडे बघून लोक हसले असतील. आप्पांचे ओठ नुसते हलत होते. पहिल्यांदा वाटलं जप करताहेत. नीट ऐकलं तर ते शेठजींचं वाक्य होतं. ते पुन्हा पुन्हा म्हणून बघत होते, कुठे काही सुटलं का.

बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी आली, एस्टीच्या माणसांकडून. खालकोठ्याची काठची आळी वाहून गेली होती. काही जनावरं गेली. माणूस एकही गेलं नव्हतं. सगळे शाळेत होते. कांतीशेठने आधी स्वतःची म्हातारी आई उचलून शाळेत नेली होती. ते पाहून मग बाकीचे हसायचे थांबले आणि गाठोडी बांधू लागले.

आप्पांनी ऐकलं, उठले, संडासाकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. परतले तेव्हा चेहरा धुतलेला होता.

चौकशी झाली. वरून एक मोठे अधिकारी आले. पुण्याच्या इंजिनिअरने हात वर केले, म्हणाला मी बदल कळवला होता. कोणाला कळवला होता ते शेवटपर्यंत समजलं नाही. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, "धुळ्याहून फोन गेला होता, मग जळगावला कळलं कसं नाही?"

आप्पा उभे राहिले. "लाइन खराब होती, साहेब. फार खरखर होती. आणि मी घाबरलेलो होतो. माझंच बोलणं नीट नव्हतं."

मी तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कोणी माझी इतकी विनवणी केली नसेल, आणि तीही एका शब्दाशिवाय. मी तोंड मिटलं. आप्पांना मेमो मिळाला: संदेश स्पष्टपणे देण्यात कसूर केली. आणि साहेबांचा फोनबंदीचा हुकूम मागे घेतला गेला.

प्रोग्रॅम दुरुस्त करून घ्यायला मला जळगावला पाठवलं. शकुंतलाबाईंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच बाई, करड्या केसांचा अंबाडा, टेबलावर प्रत्येक वस्तू जागच्या जागी. मी त्यांच्या पाठीमागच्या दारातून आत आले आणि नमस्कार म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं. तरीही नाही. मग मी समोर जाऊन उभी राहिले, तेव्हा त्या दचकल्या आणि हसल्या.

दुपारी डबा खाताना त्या आपणहून बोलल्या. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"किती वर्षं झाली, माझे कान जाताहेत. हळूहळू गेले, म्हणून कोणाला कळलं नाही. एकदा आप्पांनी सात सांगितलं, मी साठ लिहिलं. दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, 'बाई, नवीन नियम आलाय. ऐकणाऱ्याने प्रत्येक आकडा परत म्हणायचा. सगळ्यांनाच आहे.' 'बरं झालं बाई,' मी मनात म्हटलं. चुकले की ते पुन्हा सांगायचे. कधी आवाज चढवला नाही. सावकाश, जाड आवाजात बोलायचे. तेवढा एक आवाज मला फोनवर कळायचा. मशीन आलं तेव्हा मला वाटलं सुटले, आता कागदच येणार. त्या दिवशी हातात कागद होता, म्हणून मी त्यांचं ऐकलंच नाही. कागदच वाचून दाखवला."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं.

"असा नियम खरंच होता का हो?"

मला नोकरीला लागून इतके दिवस झाले होते. असा नियम मी कुठल्याही कागदावर पाहिला नव्हता. एका बाईला एकटीलाच परत म्हणायला लावलं तर चारचौघांत ते दिसेल, म्हणून एका माणसाने वांगीवालीपासून देवापर्यंत सगळ्या जगाला तो नियम लावला होता.

"होता," मी म्हणाले. "सगळ्यांनाच आहे."

"आणि त्या दिवशी लाइन? आप्पांनी चौकशीत सांगितलं ते?"

"फार खरखर होती," मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन म्हणाले.

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि मला भाकरीचा अर्धा तुकडा दिला.

धुळ्याला परतले तेव्हा ऑफिस सुटत आलं होतं. आप्पा माझी वाट बघत थांबले होते. मी म्हटलं, प्रोग्रॅम नीट झाला. त्यांनी मान हलवली. मग हळूच विचारलं, "बाई भेटल्या?"

"भेटल्या. नियमाचं सांगत होत्या."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी उठून दार लावलं. "कोणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका, सुनंदाताई. एकदा कागदावर आलं की बाईला ऐकू येत नाही, तर उद्याच काढतील. जळगावची माणसं सांगतात, त्यांचं आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईचं पोट त्या नोकरीवरच आहे."

"मरेपर्यंत बोलणार नाही, आप्पा."

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, "म्हातारी बोलते का त्यांच्याशी?"

"बोलते? ओरडते. सगळी गल्ली ऐकते, बाईच सांगत होत्या. सकाळपासून दोघींचं भांडण."

आप्पांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. "बरं आहे," ते म्हणाले. "घरात कोणी ओरडणारं असलं म्हणजे बरं असतं."

त्यांची बायको जाऊन किती वर्षं झाली ते मला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी पर्स उचलली. "चला आप्पा, सगळे गेले. तुम्हीही निघा."

"तुम्ही व्हा पुढे. घरी जाऊन तरी..." त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. "इथे निदान हा वाजला तर वाजतो."

मी पर्स पुन्हा टेबलावर ठेवली आणि खिडकीतून वाकून खाली चहावाल्याला दोन कप सांगितले.